कानाखालचा आवाज

‘जबडा’ हा शब्द त्यानं फोनवर वाचला तेव्हा काचेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ हेडफोन घालून, हातात बटण धरून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. आणि बारीक शिट्टीसारखा आवाज पायरी पायरीनं वाढवत न्यायचा, हे त्याचं. अकरा वर्षं तो लोकांचे कान तपासत होता. लोक त्याला डॉक्टर म्हणत, तो डॉक्टर नव्हता, आणि तसं सांगायचंही त्यानं कधीच सोडून दिलं होतं. फोन मांडीवर थरथरला म्हणून सवयीनं त्यानं खाली पाहिलं. अनोळखी पत्त्यावरून तीन ओळी आल्या होत्या. ‘तुम्ही ज्याच्यावर एवढं लिहिलंय तो टेबलाचा आवाज नाही. माझ्या जबड्याचा आहे. शनिवारच्या आत काढा.’ खाली नाव नाही, नुसतं ‘फिडल’. त्याचा हात यंत्राच्या चकतीवर होता तो तसाच फिरत राहिला असणार, कारण आतले गृहस्थ एकदम उठले, हेडफोन ओरबाडून काढला आणि काही तरी ओरडले. काचेमुळे नुसतं तोंड हललेलं दिसलं. दार उघडल्यावर ऐकू आलं ते असं, "अहो, मारता का काय माणसाला!" तो माफ करा, माफ करा म्हणत राहिला. गृहस्थ कानाची पाळी चोळत म्हणाले, "बहिरा आहे म्हणून आलो होतो, आता व्हायची पाळी आली." बाहेर बसलेले चारपाच जण हसले. तोही हसला. हसताना त्याला आपला स्वतःचा जबडा जाणवला, कानाजवळचं ते बिजागर, कटकट वाजणारं.

आता हे टेबल कुठलं आणि जबडा कुठला, ते सांगायला हवं. त्याचा आणि त्याच्या ताईचा मिळून एक ब्लॉग होता, ‘दीड कान’. एक कान तुझा, अर्धा माझा, असं ताई म्हणायची, कारण ऐकायचा आणि लिहायचा तो, आणि ती छापखान्यात मुद्रितं तपासायची म्हणून त्याचे ऱ्हस्वदीर्घ सुधारून लेख चढवायची. विषय एकच, ऑल्ट-कंट्री गाणी. कंट्री म्हणजे गिटार, फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), लांबलचक रस्ता, घोडा आणि सोडून गेलेली बायको. ऑल्ट-कंट्री म्हणजे तेच सगळं, फक्त घोडा विकून टाकलेला. असली गाणी ऐकणारे लोक सगळीकडे मूठभरच असतात आणि ते एकमेकांशी कडाकडा भांडतात. त्या मूठभरांत ‘दीड कान’ला मान होता, आणि तो मान मिळाला होता ‘मागचं दार’ नावाच्या चार जणांच्या बँडमुळे. गाणारा एक उंच माणूस, त्याला सगळे दाढी म्हणत. फिडल वाजवायची ती त्याची बायको. मागे एक ड्रमवाला आणि एक बासवाला, दोघंही कधी बोलताना न दिसलेले. तीन वर्षांपूर्वी या लोकांना कुत्रं विचारत नव्हतं. त्यानं विचारलं. त्यानं लिहिलं, परत लिहिलं, इतर ब्लॉगवाल्यांच्या मागे लागला, लोकांना गाणी पाठवून पाठवून वीट आणला, आणि हळूहळू वीस माणसांचे साठ झाले आणि साठांचे तीनशे. आपण नसतो तर हे लोक नसते, असं तो मनातल्या मनात म्हणायचा, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

ज्याच्यावर सगळं उभं राहिलं ते गाणं म्हणजे ‘भांडी नंतर घासू’. त्या नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरात एकच मायक्रोफोन ठेवून, एका दमात रेकॉर्ड केलेलं. मागे फ्रिजची घरघर आहे, कुठे तरी नळ टपकतोय. दोन मिनिटं चौदा सेकंदांवर दाढी एक ओळ अर्धवट सोडतो, फिडल किंचित बेसूर होते, आणि एक आवाज येतो. ठक्. कोरडा, आखूड, खालून वर आल्यासारखा. फिडल थांबते. अर्धा सेकंद नुसता फ्रिज. मग एक श्वास, आणि फिडल परत सुरू, पहिल्यापेक्षा एक केसभर खालच्या सुरात, आणि गाणं असं काही वर चढतं की ऐकणाऱ्यानं जागचं हलू नये. या अर्ध्या सेकंदावर त्यानं बाराशे शब्द लिहिले होते. गाणाऱ्यानं स्वतःच्याच गाण्यावर चिडून टेबलावर मूठ आपटली आहे, इतका खरा आवाज गेल्या दहा वर्षांत कुणाच्या रेकॉर्डवर आलेला नाही, असं. लेखाचं नाव ‘कानाखाली आवाज’. ताईनं ते नाव वाचून विचारलं होतं, "हेच ठेवायचंय?" तो म्हणाला होता, "का, शुद्धलेखन चुकलंय?" त्याच्या सगळ्याच लेखांत हाणामारी असायची. गाणं पोटात लाथ घालतं, कडवं थोबाड फोडतं, ही तान मणका मोडते. या धंद्यात तशीच रीत होती, जो तो असंच लिहायचा. लेख गाजला. बँडच्या कार्यक्रमात लोक दोन-चौदा आलं की पाय आपटायला लागले, आधी पाचसहा जण, मग सगळा हॉल, एकदम, ठक्. दाढीनं त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "तुम्ही त्या गाण्याला पाय दिलेत, राव." बायको तेव्हा जवळपासच असणार. मागून भांड्यांचा आवाज येत होता.

त्या तीन ओळी आल्या त्या मंगळवारी तो घरी चालत गेला. साडेपाचची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला, आणि त्याला सगळीकडे एकच ऐकू येत होतं. दुकानाचं शटर खाली आलं, एका टेम्पोतून पोती फेकत होते, कुणी गाडीचं दार लावलं, एका बाईनं गॅलरीत गादी झोडपली. प्रत्येक आवाजाला तो नकळत नाव देत होता: लाकूड, पत्रा, कापूस, पत्रा. कान असा कामाला लागला की बंद करता येत नाही, डोळ्याला पापणी असते तसं कानाला काही नाही. त्यानं इअरफोन घातले आणि दोन-चौदा लावलं. परत लावलं. बसथांब्यावर उभं राहून तीस वेळा तरी लावलं असेल, आणि दर वेळी त्याला अधिकच घाम फुटत गेला, कारण हे टेबल नव्हतंच. टेबल आपटलं की लाकडाच्या मागून एक पोकळी वाजते, कपबशी किणकिणते, गिटारच्या तारा आपोआप गुणगुणतात. इथे त्यातलं काही नव्हतं. इथे मांस होतं, आणि मांसाखाली हाड होतं. हे अकरा वर्षं कान तपासणाऱ्या माणसाला कळू नये? ‘जुनी सुई’ अशा टोपणनावाच्या एका वाचकाला कळलं होतं. त्यानं दोन वर्षांपूर्वीच लेखाखाली लिहिलं होतं, ‘टेबल असं वाजत नाही हो.’ त्यावर याला इतका राग आला होता की चारशे शब्दांत त्यानं त्या माणसाची सालटी काढली होती, त्याचं वय, त्याची जुनी मतं, त्याचे स्पीकर, सगळं काढलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘कान तपासून घ्या, सवलत देतो.’ लोक खदाखदा हसले होते. एवढा राग एका टेबलापायी? बस आली आणि गेली, तो चढलाच नाही.

खरं म्हणजे पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा त्याला शांत वाटलं होतं. हे त्यानं लेखातही लिहिलं होतं, ‘घरी आल्यासारखं वाटलं’ म्हणून, आणि लोकांना ते वाक्य फार आवडलं होतं. त्यांचं घर दोन खोल्यांचं. मधली भिंत अर्ध्या विटेची, तिच्यातून सगळं यायचं. वडील कारखान्यात क्रेन चालवत, दिवसभर उंचावर एकटे, आणि खाली आले की त्यांना कुणाचंच काही खपत नसे. ओरडत नसत. ओरडणारा माणूस परवडला. एकच वाक्य असायचं, "कानाखाली आवाज काढीन," तेही हळू, जवळजवळ प्रेमानं, आणि मग आवाज निघायचा. आईचा निघायचा नाही. ताई तेव्हा बारा वर्षांची, तो सात. ती पलंगावरून हात लांब करून रेडिओचं बटण फिरवायची, आणि रेडिओवर त्या वेळेला लांब पल्ल्याच्या गाड्या हाकणाऱ्यांसाठी गाणी लागायची, गिटार, फिडल, रस्ता, सोडून गेलेली बायको. "ताई, वाढव की," तो म्हणायचा. ती वाढवायची. पण रेडिओला शेवट होता, बटण एका जागी अडायचं, आणि गाण्याच्या खालून ते येतच राहायचं. मग तो ओळखायला शिकला. हा पंजा. ही मूठ. हे डोकं भिंतीला. भिंतीला डोकं लागलं की त्यानंतर सहसा संपायचं, म्हणून तो आवाज आला की त्याचं अंग सैल पडायचं आणि झोप यायची. सकाळी आई डब्यात पोळ्या भरताना तोंड वळवून ठेवायची आणि दोघांना सांगायची, "बाहेर विषय काढायचा नाही." शाळेत नाही, शेजारी नाही, मामा आला तरी नाही. आई गेली तोवर कुणीही काढला नाही. माझे कान आमच्या घरात घडले, असं तो मुलाखतीत गमतीनं सांगायचा.

बुधवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसली होती, हातात लाल पेन, चष्मा डोक्यावर. त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं. तिच्या चेहऱ्यावर नवल असं काही उमटलं नाही, तेच त्याला झोंबलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मी ते गाणं एकदाच ऐकलं, आणि उठून गेले होते. आठवतंय का तुला?"

"मला वाटलं तुला आवडलं नाही."

"नाहीच आवडलं," ती म्हणाली. मग खुर्ची मागे सारून तिनं संगणक उघडला. "काढते."

"थांब. काय काढतेस?"

"लेख. तिनं काढा म्हटलंय ना? काढून टाकते."

"तिनं ‘टाका’ म्हटलेलं नाही. नुसतं ‘काढा’ म्हटलंय."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लहानपणीचा मार आठवला, तिच्या हातचा, तो खोटं बोलल्यावर ती द्यायची तो. "वेड पांघरू नकोस. मी मुद्रितात काढा असं लिहिते तेव्हा काय करतात छापखान्यात? उडवतात ती ओळ."

"आणि आपण दोघं काय म्हणतो? या आठवड्यात काय काढायचं? लेख काढला का? सहा वर्षं म्हणतोय. तिला आपला ब्लॉग माहीत आहे, आपली भाषा माहीत आहे. शनिवारच्या आत काढा म्हणजे शनिवारच्या कार्यक्रमाच्या आत लोकांपुढे आणा. नाही तर शनिवारचं का लिहिलं असतं?"

"शनिवारी तीनशे माणसं तिच्या थोबाडावर पाय आपटणार आहेत म्हणून लिहिलं असतं! एक कार्यक्रम तरी तसा होऊ नये म्हणून!" ती ओरडली. ताई सहसा ओरडत नसे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एवढी शंका आहे तर विचार तिला. एक ओळ लिही, काढा म्हणजे काय म्हणून."

त्यानं विचारलं नाही. का नाही विचारलं, याची कारणं त्याच्याकडे होती, आणि घरी जाताना त्यानं ती सगळी स्वतःला सांगून पाहिली: तिचा फोन दाढी तपासत असेल, उत्तर येईपर्यंत उशीर होईल, वगैरे. पण विचारलं की ती सांगेल, आणि तिनं सांगितलं की संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निघताना ताई दारापर्यंत आली होती. "ती अजून त्याच घरात राहते," ती म्हणाली. "हे डोक्यात ठेव. तू लिहिशील, लोक वाहवा म्हणतील, आणि ती त्याच स्वयंपाकघरात उभी असेल." तो म्हणाला, "लोक तिच्या बाजूनं उभे राहतील. गप्प बसून काय झालं आपल्याकडे? आई म्हणायची विषय काढू नका, आपण नाही काढला, तिचं काय भलं झालं? कुणी तरी एकदा काढा म्हणतंय." त्याच्या बोलण्यात ढोंग नव्हतं. ताईनं दाराची कडी हातात धरून ठेवली होती. "आई काढू नका म्हणाली आणि ही काढा म्हणतेय," ती म्हणाली, "दोघी एकच सांगताहेत रे."

गुरुवारी त्यानं रजा टाकली आणि लिहिलं. सकाळी आठला बसला तो दुपारी चारला उठला, मध्ये पाणीसुद्धा प्यायला नाही. असं लिहून होत नाही सहसा. शब्द येत नव्हते, आदळत होते. त्यानं दाढीला फाडलं, स्वतःला फाडलं, पाय आपटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पायाचं हाड मोडावं असं लिहिलं, अर्ध्या विटेच्या भिंतीबद्दल लिहिलं, वडिलांचं ते हळू वाक्य लिहिलं, आणि लिहिताना त्याचा उजवा हात इतका आवळला जात होता की मधूनमधून उघडून झटकावा लागत होता. वडील समोर असते तर त्यानं त्यांना ठार मारलं असतं. वडील सहा वर्षांपूर्वी रुग्णालयात झोपेतच गेले होते, चेहऱ्यावर समाधान घेऊन. आपण दाढीचा गळा धरलाय असं त्यानं मनात पाहिलं, त्या दाढीत बोटं रुतवून डोकं भिंतीला, परत भिंतीला, आणि त्या आवाजाला आपल्याला कुठलं नाव देता येईल हेही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं तोही विचार लेखात घातला. घातल्यावर लेख सुधारला. शेवटचा परिच्छेद वाचून तो स्वतःच रडला, आणि डोळे पुसताना त्याला जी भावना होत होती तिला आनंद याखेरीज दुसरं नाव नव्हतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, काचेच्या खोलीत बसून, त्यानं ‘तो आवाज टेबलाचा नव्हता’ स्वतःच चढवला. परवलीचा शब्द दोघांनाही माहीत होता. ताईनं न तपासलेला हा त्याचा पहिलाच लेख, आणि त्यात दोन ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या हे त्याला नंतर दिसलं. तीन वाजेपर्यंत हजार लोकांनी वाचला. पाचपर्यंत आठ हजारांनी. ज्या मोठ्या ब्लॉगवाल्यांनी तीन वर्षांत त्याच्या पत्राला पोच दिली नव्हती त्यांनी लेख उचलला. ‘सुन्न.’ ‘हाडापर्यंत गेलं.’ ‘एका वाक्यात कानाखाली आवाज काढलात.’ कुणी लिहिलं, हे कळल्यापासून गाणं वीस वेळा ऐकलं, आता तर आणखीच अंगावर येतं. कुणी तो अर्धा सेकंद कापून, एकापुढे एक जोडून, मिनिटभराचा तुकडा करून लावला, निषेध म्हणून, आणि तो तुकडा गाण्यापेक्षाही जास्त ऐकला गेला. शनिवारच्या कार्यक्रमाला जायचं की नाही यावर दोन तट पडले, आणि दोन्ही तटांनी तिकिटं घेतली. त्याचा फोन तापला होता. ताईचे नऊ फोन येऊन गेले होते, ते त्यानं घेतले नाहीत. सगळ्यांत खाली ‘जुनी सुई’नं चारच शब्द लिहिले होते, ‘आता ती कुठे आहे?’ त्यानं ते वाचलं आणि बोटानं वर सरकवलं, कारण वर नवीन बरंच आलं होतं.

शनिवारी पाच वाजता हॉलबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम, लाकडी फळ्यांची जमीन, पत्र्याचं छत, त्यामुळे पाय आपटला की छान घुमतं. लोक त्याला ओळखून वाट देत होते, एका पोरीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. तो मागे, भिंतीला टेकून उभा राहिला. आपण तिच्यासाठी आलोय, तिला बघायला, तिनं आपल्याकडे एकदा बघावं म्हणून, असं तो स्वतःला सांगत होता. ड्रमवाला आणि बासवाला आले. मग दाढी आला, एकटा. उजव्या हाताच्या बोटांच्या मुळांवर पांढरी पट्टी होती. हॉलमध्ये एक विचित्र आवाज झाला, ओरडणं आणि शिट्ट्या आणि हसणं यांची सरमिसळ. कुणी तरी ओरडलं, "हात दाखव!" दाढीनं खरंच हात वर करून दाखवला, आणि म्हणाला, "तिला बरं नाहीये. आज तुम्ही माझंच ऐकून घ्या." मग त्यानं ‘भांडी नंतर घासू’ सुरू केलं. अरे, सुरू करतो कसा हा माणूस! कुणी थांबवत का नाही? पण कुणीच थांबवलं नाही. सगळ्यांनी फोन वर धरले. दाढी चांगला गात होता, नेहमीपेक्षा चांगला, हेही त्याच्या कानानं टिपलं. फिडलच्या जागा मोकळ्या जात होत्या आणि त्या मोकळ्या जागांत तीनशे माणसांचा श्वास ऐकू येत होता. ती ओळ आली. दाढीनं ती अर्ध्यात सोडली, डोळे मिटले, आणि सगळ्या हॉलचा पाय एकदम खाली आला, ठक्, निषेधानं की सवयीनं ते त्या तीनशे जणांतल्या कुणालाही सांगता आलं नसतं. पत्रे थरथरले. त्याच्या टाचेतून एक कळ वर मांडीपर्यंत गेली, आणि तेव्हा त्याला कळलं की त्याचाही पाय पडला होता, अगदी बरोबर जागेवर, कुणाच्याही आधी किंवा नंतर नाही.

खिशात फोन वाजत होता. ताई. तो माणसांतून धक्के मारत बाजूच्या दारानं बाहेर गेला, बोळात, जिथं रिकामी खोकी रचलेली होती. अजून ऊन होतं.

"कुठेयस?" ताईनं विचारलं.

"हॉलवर."

"मी रुग्णालयात आहे, तिच्याजवळ." ताईचा आवाज सपाट होता, लांबलचक काम संपवून आल्यासारखा. "ब्लॉगवर माझा नंबर आहे ना, तो लावला तिनं. बोलता येत नव्हतं तिला. नुसता श्वास येत होता. मला वाटलं कुणी चावटपणा करतंय, मी दोनदा फोन ठेवला. तिसऱ्यांदा नर्स बोलली." ती थांबली. "जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारेनं बांधलाय. डाव्या कानातून रक्त आलं होतं, त्याचं उद्या बघणार आहेत. काल संध्याकाळी झालं. त्यानं तिला समोर बसवून तुझा लेख वाचून दाखवला, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठल्या कुठल्या ओळी परत वाचल्या. मग उठला."

आत लोक टाळ्या वाजवत होते.

"पोलीस निघालेत तिकडे. तू त्याच्या अंगाला हात लावायचा नाहीस. ऐकतोयस ना? तेवढं तरी ऐक."

"ऐकतोय." मग त्यानं विचारलं, "तिला काय म्हणायचं होतं? काढा म्हणजे?"

"हे विचारतोयस तू अजून?" ताई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. नाक ओढल्याचा आवाज आला, मागे कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. "रविवारी घर सोडून निघणार होती ती, लिहून सांगितलंय तिनं. कार्यक्रम झाला की. पिशवी भरून शेजारणीकडे ठेवलेली होती. लेख गुपचूप उडवावा आणि तोवर घरात काही पेटू नये, एवढंच हवं होतं तिला."

बोळाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी येऊन थांबली. दोघं उतरले, एकानं त्याला हॉलचं दार कुठलं ते विचारलं, त्यानं हातानं दाखवलं. दाखवणारा तो हात आपला आहे हे त्याला पटेना. त्याला बोळाच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सगळं अंग रडत होतं, डोळे मात्र कोरडे होते.

"तुझ्यासाठी तिनं लिहून दिलंय," ताई म्हणाली. "वाचू?"

"वाच."

ताईनं मुद्रित वाचतात तसं वाचलं, एकेक शब्द सुटा, विरामचिन्हासकट. "आता. यावर. लिहू. नका. पूर्णविराम." मग म्हणाली, "नाही ना लिहिणार?"

"नाही," तो म्हणाला. "आईशपथ, ताई. एक अक्षर नाही."

तो मनापासून बोलत होता. फोन बंद झाला तरी कानाला तसाच धरून तो बोळात उभा राहिला, आणि त्या तारेनं बांधलेल्या तोंडासाठी, मोठ्यानं वाचल्या गेलेल्या आपल्या एकेका ओळीसाठी, शेजारणीकडे राहिलेल्या पिशवीसाठी त्याला आता ढसाढसा रडू आलं. आत गाणं मध्येच तुटलं, आरडाओरडा झाला, खुर्च्या पडल्या. तो रडत होता आणि त्याच वेळी, त्यानं बोलावलेलं नसताना, डोक्यात पहिलं वाक्य येऊन बसलं होतं, आणि त्यात एकही शब्द बदलावा लागणार नव्हता.